सासऱ्यांची हद्द आणि माझं यंत्र

जमीन मोजावी तर मीच! उपग्रहांवरून जागा सांगणारं माझं यंत्र बोटभरही चुकत नाही, असं मी सासऱ्यांना सांगितलं आणि तिथेच फसलो. त्यांचं आणि शेजारच्या मास्तरांचं हद्दीवरून अकरा वर्षं वाकडं. आता मध्ये भिंत बांधायची होती. गवंडी विटा घेऊन हजर आणि मोजणार घरचा जावई!

मी तिपाई रोवली, वर यंत्र चढवलं. पहिलं माप आलं. हद्द थेट मास्तरांच्या न्हाणीघरातून!

"मला वाटलंच होतं!" सासऱ्यांची छाती फुगली.

"म्हणजे मी अंघोळ यांना विचारून करायची?" मास्तर कडाडले. "पुन्हा मोजा!"

पुन्हा मोजलं. आता हद्द सासूबाईंच्या ओट्यावर, शेगडीच्या दोन बर्नरांच्या बरोब्बर मधून.

"एक बर्नर आमचा, एक मास्तरांचा," सासूबाई म्हणाल्या. "दूध कुठल्यावर ठेवू ते सांगा."

तिसऱ्यांदा हद्द रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये गेली! गवंडी विटांवर बसला. "साहेब, एक काय ते ठरवा. भिंत उचलून फिरवता येत नाही." बायको तर मला ओळखतच नसल्यासारखी आत निघून गेली.

तेवढ्यात मास्तरांच्या गच्चीवरून एक तंत्रज्ञ डोकावला. "अहो, इथे वायरलेस इंटरनेटचा नवा अँटेना बसवलाय. सकाळपासून पूर्ण जोरात चालू आहे. उपग्रहाचा संकेत म्हणजे कुजबुज. शेजारी भोंगा लागल्यावर तुमच्या यंत्राला ऐकू येणार कसं? थांबा, दहा मिनिटं बंद करतो."

यंत्राचा दोष नव्हता! त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

अँटेना बंद होताच गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. "नेट गेलं! नेट गेलं!" मी लक्षच दिलं नाही. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तीच जागा. ठाकठोक करून खुंटी ठोकली आणि ओरडलो, "बघा! बोटभरही फरक नाही!"

मग वर पाहिलं. मास्तर हसत होते. खुंटी सासऱ्यांच्या अंगणात चांगली दोन हात आत होती.

सासऱ्यांनी खुंटीकडे पाहिलं. मग गच्चीकडे मान वर करून शांतपणे म्हणाले, "अहो, चालू करा तुमचा अँटेना. एका जावयापायी सगळ्या गल्लीची गैरसोय नको. जावईबापू, तुम्ही मोजत राहा."