कोणता पाय आधी?

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापूस फारसा पिकला नाही, पण पाहणी पथके भरघोस आली. त्यांतल्या एका पथकाने जीपमधून न उतरता निष्कर्ष काढला की शेतकऱ्याचे मनोबल खचले आहे. मनोबल वाढवायला कबड्डी बरी, कारण तिला साहित्य लागत नाही. आर्णी तालुक्यात 'मनोबल संवर्धन कबड्डी स्पर्धा' जाहीर झाली आणि विजेत्या गावाला डांबरी रस्ता बक्षीस ठरला. रस्त्याचा निधी पडूनच होता. तो कोणत्या गावाला द्यावा यावर साहेबलोकांचे एकमत होत नव्हते, ते काम आता खेळाडूंकडे सोपवण्यात आले.

धावजी तांड्याला रस्ता नव्हता, पण सुनील राठोड होता. पकडणारे कमरेत वाकेपर्यंत हा दोघांना शिवून परत आलेला असे. त्याची बायको उज्ज्वला पोटुशी होती. दिवस ऐन पावसाळ्यात भरणार होते, आणि पावसाळ्यात तांड्याच्या काळ्या मातीतून जीप सोडा, बैलबंडीही निघत नसे. त्यामुळे सुनील जीव तोडून खेळला आणि तांडा अंतिम सामन्यात पोहोचला.

इथेच एक तज्ज्ञ साहेब उगवले. असा खेळाडू हाती लागला आहे तर त्याचे तंत्र लिहून काढून जिल्हाभर वाटावे, असे त्यांना वाटले.

"चढाईत तू कोणता पाय आधी टाकतोस?"

"मले नाही माहीत साहेब. पाय जाते अन् मी त्याच्या मांगं जातो."

"म्हणजे पाय विनापरवानगी जातो," साहेब गंभीर झाले. "हा खेळ नव्हे, ही सवय आहे. निरीक्षण, निर्णय, कृती आणि आत्मपरीक्षण, या क्रमानेच पाय हलला पाहिजे."

प्रशिक्षण अनिवार्य झाले. सुनील मन लावून शिकला, हेच वाईट झाले. संध्याकाळी तो स्वतःच्याच उंबऱ्यापाशी उभा राहू लागला.

"घरात येऊन राह्यले का बाहीरच राह्यता?" उज्ज्वलाने विचारले.

"थांब. निर्णय होऊन राह्यला."

समोरचा संघ नाल्यापलीकडच्या गावचा. त्यांचा कर्णधार परवेज जीप दुरुस्त करायचा आणि भाड्याने चालवायचाही. प्रशासनात भेदभाव नसल्याने त्याच्या संघालाही तेच प्रशिक्षण मिळाले होते. अंतिम सामना त्यामुळे अत्यंत सुशिक्षित वातावरणात पार पडला. सुनील चढाईला गेला, निरीक्षण केले, निर्णयापर्यंत आला आणि तिथेच त्याचा दम तुटला. परवेजचा आत्मपरीक्षणात तुटला. पकडणारे आधी कोणता हात पुढे करावा यावर विचार करत होते. दोन्ही बाजूंचे दम सारखेच तुटले आणि सामना बरोबरीत सुटला. एकालाही खरचटले नाही, याबद्दल साहेबांचा सत्कार झाला.

बरोबरी झाल्याने दोन्ही गावांना अर्धा अर्धा रस्ता मंजूर झाला. लाभ घरापासूनच मिळावा म्हणून तांड्याचा अर्धा रस्ता तांड्यापासून सुरू झाला आणि कपाशीच्या वावरात संपला. पुढे मोठ्या रस्त्यापर्यंत पूर्वीचाच चिखल होता.

आषाढात, भर पावसात उज्ज्वलाला कळा सुरू झाल्या. निरोप मिळताच परवेजने जीप मोठ्या रस्त्यावर आणून उभी केली; त्याहून पुढे ती येणे शक्य नव्हते. सुनीलने संघातली तीन पोरे बोलावली, उज्ज्वलाला खाटेवर निजवले आणि चौघांनी खाट उचलली. डांबर संपले, चिखल सुरू झाला. एकाचा पाय मुरगळला तेव्हा परवेज मोठ्या रस्त्याकडून पळत आला आणि खाट खाली टेकायच्या आत त्याने तो कोपरा धरला.

"खाली नको पाहू सुनील. चाल."

कोणी खाली पाहिले नाही. खाट डगमगली नाही, कोणी घसरले नाही. आर्णीच्या दवाखान्यात मुलगी झाली, आणि सुनील तिला हातात घेऊन ढसाढसा रडला. तेही त्याने ठरवून केले नव्हते.

ही वार्ता पोहोचायला वेळ लागला नाही. आठवडाभरात साहेब तांड्यावर हजर झाले. चिखलात खाट वाहण्याचे तंत्र लिहून काढायचे होते.

"तर सुनील, चिखलात आधी कोणता पाय टाकला?"

सुनीलने पायांकडे पाहिले आणि कपाळाला आठी घातली. तेवढ्यात त्याची आई रामीबाई नातीला घेऊन बाहेर आली.

"साहेब, त्याले नका इचारू. धनसिंगची सून पोटुशी हाय, अन् रस्ता अजून अर्धाच हाय."

साहेबांनी ही बाब नोंदवून घेतली आणि पुन्हा विचारले, "उजवा की डावा?"

वाचकहो, हे वाचताना आपणही एखाद्या ठिकाणी हसला असाल. तिथे आपण नेमके का हसलात, आधी ओठ हलले की पोट, याचा सविस्तर खुलासा करावा. खुलासा झाल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा हसून दाखवायचे आहे.