हैबतरावांचं तळं

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. म्हणजे जंगलात नव्हतं, मागच्या उंच डोंगरावर होतं. आणि ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. अपवाद फक्त हैबतराव गव्यांचा.

खरं सांगायचं तर हैबतरावांनीही पाहिलेलं नव्हतं. पण हे फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि आता तुम्हाला. बाहेर बोलू नका.

झालं असं. वीस वर्षांपूर्वी तरणेबांड हैबतराव तळं बघायला निघाले. अर्ध्या वाटेवर खिंड लागली. तिथलं गवत कोवळं होतं. ते चरले, पडले, झोपले आणि संध्याकाळी खाली आले. कुणीतरी विचारलं, "कसं आहे तळं?"

"छान आहे," ते म्हणाले.

एवढंच. पण पुढच्याने विचारलं, "केवढं आहे?" मग "बरंच मोठं" म्हणावं लागलं. मग त्यात कमळं आली. मग सोनेरी पंखांची बदकं आली. तळं दरवर्षी वाढत गेलं. पाऊस कमी झाला त्या वर्षीसुद्धा वाढलं.

आणि एक दिवस मंजुळाबाई अस्वलीण म्हणाल्या, "हैबतराव, आम्हाला न्या ना तळ्यावर. मुलांचा निसर्गाशी संबंधच राहिला नाही हो!"

आता जंगलात राहणाऱ्या पोरांनी निसर्ग बघायला आणखी कुठे जायचं, असं तुम्ही विचाराल. पण मंजुळाबाईंना असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

हैबतरावांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. हवा बरी नाही म्हणून सांगितलं. पण वामनराव साळिंदरांनी पाठीवरचा एक काटा उपटून, जांभळाच्या रसात बुडवून सूचना लिहिलीसुद्धा: 'रविवारी सकाळी सहाला वडाखाली जमावे. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबले जाणार नाही.'

रविवारी सगळे सहाला जमले. वामनराव साडेसातला आले. त्यांच्यासाठी थांबले गेले.

मंडळी निघाली. पुढे हैबतराव. मागे मंजुळाबाई, त्यांची लेक ठकू आणि मधाचं पोळं. त्यामागे वामनराव, त्यांचा टिलू आणि भाजलेल्या कंदांचं गाठोडं. पाच मिनिटं झाली नाहीत तोच टिलूने विचारलं, "आलं का तळं?" पुढे तो दर पाच मिनिटांनी विचारत राहिला. हैबतराव दर पाच मिनिटांनी "आलंच" म्हणत राहिले.

खिंडीपर्यंत ते रुबाबात चालले. खिंडीत तीन वाटा फुटत होत्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

हैबतरावांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, आठवतायत. ते देवाचा धावा करत होते.

"डावीकडे," ते म्हणाले.

डावी वाट करवंदीच्या जाळीतून गेली, मग उघड्या उतारावर आली. पायाखाली मुरूम सरकत होता. खाली दरी. मंजुळाबाई म्हणाल्या, "नक्की हीच ना वाट?" आणि तेवढ्यात टिलूचा पाय सुटला.

तो गोल झाला आणि चेंडूसारखा घरंगळत निघाला. वाट तिथे जरा खाली उतरत होती, म्हणून पुढे चाललेले हैबतराव खालच्या अंगाला होते. त्यांनी विचार केला नाही. चार पाय रोवले आणि आडवे उभे राहिले. टिलू येऊन त्यांच्या मांडीवर आदळला. थांबला.

पण मुलांनो, तो साळिंदराचा मुलगा होता. हैबतरावांच्या मांडीत अकरा काटे रुतले. ते "हूं" सुद्धा म्हणाले नाहीत.

वामनराव धावत आले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही नसता तर, हैबतराव..."

'मी नसतो तर आपण या वाटेला आलोच नसतो,' हैबतरावांच्या मनात आलं. ते ओठावर आलं होतं. ते म्हणाले, "ऐका, मला काही सांगायचंय."

"मला पाण्याचा वास येतोय!" ठकू ओरडली. अस्वलाचं नाक ते. ती वर पळत सुटली. टिलू तिच्यामागे. पोरं गेली म्हटल्यावर मोठ्यांना जावंच लागलं.

"पाहिलंत?" वामनराव धापा टाकत म्हणाले. "हैबतराव मुलांनाच वाट शोधू देतायत. याला म्हणतात शिक्षण!"

हैबतराव सगळ्यांत मागे लंगडत येत होते.

दुपारी दीडला तळं आलं.

तळ्याच्या एका काठाला मंजुळाबाई उभ्या होत्या, दुसऱ्या काठाला वामनराव. दोघं कुजबुजले तरी एकमेकांना ऐकू येत होतं. तळ्यात चार बेडूक होते. कमळ नव्हतं. बदक नव्हतं.

पोरांनी मात्र एक किंकाळी फोडली आणि धाडकन पाण्यात उड्या घेतल्या. पाणी गार होतं, नितळ होतं. टिलूने पहिल्यांदाच पोहून पाहिलं. ठकूने एका बेडकाशी ओळखसुद्धा करून घेतली.

मोठे कमळं आणि बदकं शोधत होते.

शेवटी हैबतराव मान खाली घालून म्हणाले, "माफ करा. मी इथे कधी आलोच नव्हतो. खिंडीतूनच परत गेलो होतो. वीस वर्षं खोटं बोललो."

त्यांना वाटलं, आता मंजुळाबाई पंजा उगारतील. मंजुळाबाईंनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "मुलं ऐकतील."

"पण खरं तेच..."

"हैबतराव, सहा तास चढलेय मी. माझ्या तळव्यांना फोड आलेत. शेजारच्या तरसीणबाईंना चार दिवस सांगत होते, आम्ही तळ्यावर जाणार म्हणून. आता तिला काय सांगू? चार बेडूक बघून आले?"

"शिवाय," वामनराव म्हणाले, "नीट बघितलं तर तसं लहान नाही हे. या बाजूने बसून बघा."

मग त्यांनी त्या बाजूने बसून मध आणि कंद खाल्ले. हैबतरावांच्या मांडीतले काटे एकेक करून काढले. गप्पा रंगल्या. खरं म्हणजे फार मजेचा दिवस गेला. पोरांना पाण्याबाहेर काढताना नाकी नऊ आले.

दिवस मावळताना मंडळी वडाखाली पोचली. सगळं जंगल वाट बघत होतं.

"कसं होतं तळं?" तरसीणबाईंनी विचारलं.

"शब्द नाहीत," वामनराव म्हणाले.

मंजुळाबाईंजवळ होते. "पलीकडचा काठ दिसत नाही, बाई!"

"आणि ती सोनेरी बदकं?"

"सोनेरी होतीच. दोन निळीही होती."

"पायच टेकत नव्हते!" टिलू ओरडला. ते खरं होतं. टिलूचे पाय तीन बोटं लांब होते. पण सगळ्यांनी 'बाप रे' म्हटलं.

हैबतरावांना राहवेना. ते म्हणाले, "अहो, लहानसं डबकं आहे ते. चार बेडूक आहेत."

मग तरसीणबाईंनी हात जोडले. "बघा, एवढा मोठा गवा, पण जरा म्हणून गर्व नाही!"

पुढच्या रविवारी अकरा कुटुंबं वर गेली. त्यांच्यापैकी भेकरांना म्हणे तळ्यात होडी दिसली. हैबतराव भेटेल त्याला खरं सांगत सुटले. जितकं सांगत, तितका त्यांचा मान वाढत गेला. शेवटी त्यांनी नाद सोडला.

एकटी ठकू तेवढी अधूनमधून त्यांच्याकडे येते आणि म्हणते, "आजोबा, त्या लहान तळ्यावर जायचं का?" मग ते लंगडत उठतात. हल्ली ते उजवीकडच्या वाटेने जातात.

तात्पर्य (मोठ्यांनी वाचायची गरज नाही, त्यांना पाठ आहे): खोटं बोलू नये. बोललंच, तर ते उंच डोंगरावर नेऊन ठेवावं. खात्री करायला जो वर चढतो, तो साक्षीदार होऊनच खाली उतरतो. आणि खरं बोलायचं असेल तर पहिल्याच दिवशी बोलावं. वीस वर्षांनी बोललं, तर लोक त्याला विनय समजतात.