हर्डीकरांची सरदारकी

हर्डीकर ऑक्टोबरात एक आणि ईस्टरनंतर एक अशी हक्काची रजा घेतात, आणि कारण विचारलं तर सरळ चेहऱ्याने सांगतात, "सेवा."

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी. हे पुण्याचे मेकॅनिकल इंजिनियर, गाड्यांच्या ब्रेकवर काम करतात. एका हिवाळ्यात संध्याकाळच्या हौशी वर्गांना नाव घालायला गेले. स्वयंपाकाचा वर्ग भरलेला होता, म्हणून 'मध्ययुगातलं दरबारी प्रेम' घेतलं. तेव्हापासून कँटीनमध्ये मधूनमधून जर्मन पेरत ते सुरू झाले की आमची सुटका नाही.

"आल्झो, ऐक. सरदाराने एक बाई निवडायची. मिळणारी नकोच. तिची जन्मभर सेवा करायची, अपेक्षा शून्य!"

डेटिंग अ‍ॅपवर अंगठा झिजवणाऱ्या पोरांना ते सुनावतात, "तुम्हाला लगेच उत्तर हवं. सरदार वर्षानुवर्षं खिडकीखाली उभा राहायचा."

"पाठ नाही दुखायची?" एकाने विचारलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर, दुखायचीच."

हर्डीकरांनी निवडलेली बाई म्हणजे मेधा, त्यांची घटस्फोटित बायको. ती इथून दोनशे किलोमीटरवर, बाड हॉम्बुर्गला राहते. "आमचा क्रम चुकला," ते म्हणतात, "आधी लग्न केलं." सेवा म्हणजे थंडीआधी तिच्या गाडीला विंटर टायर लावायचे आणि ईस्टरनंतर काढायचे. एवढा लांबचा प्रवास करायचा, अंगणात गुडघे टेकून चारही चाकं बदलायची आणि दारातूनच निघायचं. मला हे सगळं हास्यास्पद वाटे. आत कधी बोलावते का, असं मी एकदा विचारलं. "सरदाराला बोलावत नसतात," म्हणाले.

गेल्या ऑक्टोबरात मीही बरोबर गेलो. मेधाने दार उघडलं.

"अरे, मेसेज वाचला नाहीस? ऑल-सीझन टायर घेतले मी. आता बदलायची भानगडच नाही."

"वाचला ना. म्हटलं, हवा तपासून घ्यावी."

हवा व्यवस्थित होती. तरी त्यांनी चारही चाकांची पुन्हा तपासली.

"चहा टाकलाय," मेधा म्हणाली. "ये ना आत. दोघंही या."

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता," असं परक्यासारखं म्हणत हर्डीकर जॅक उचलून चालायलाच लागले.

ऑटोबानवरच्या पहिल्या पार्किंगला त्यांनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढून माझ्याकडे वळले.

"हो म्हणायला हवं होतं का रे?"

मला त्यांची फार दया आली. "फिरवा गाडी," मी म्हणालो. "चहा अजून गरम असेल."

"कसा जाऊ?" ते म्हणाले. "आता माझं तिच्याकडे काही कामच नाही."