बेंबी नसलेला माणूस

शिंपीदादांनी माझ्या पँटची कंबर उलटी करून दाखवली. "साहेब, शिवणीत सोडायला आता कापडच उरलं नाही. एकतर नवी पँट शिवा, नाहीतर नवं पोट आणा." वरचं बटण हिरव्या दोऱ्याने लावलेलं पाहून ते हसले, तेही दिसलं. (बायको म्हणते, काळा दोरा संपला होता.)

मी नवं पोट निवडलं.

कारण त्यांच्या बाकावर एक मासिक पडलं होतं आणि त्यात पानभर जाहिरात होती. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. दोघांचीही डोकी पानाबाहेर, पण 'आधी'वाल्याचं दुःख पोटावरच दिसत होतं. 'नंतर'वाल्याचं पोट इस्त्री केल्यासारखं सपाट. खाली ठळक ओळ: 'रात्रीचं जेवण हाच तुमचा शत्रू!' उपाय म्हणजे एक भुकटी, पेलाभर पाण्यात ढवळून घ्यायची. ते पान मी फाडून घरी आणलं.

आता मी पोटासाठी काय करतो, हे सांगणं भाग आहे. (सांगताना मान वर होत नाही.) मी जाहिरातींच्या फोटोंवर हात फिरवतो. लोकांच्या वळ्या, सुरकुत्या, दुहेरी हनुवट्या पुसतो. खोटी नाणी पाडणाऱ्यानेच ती खरी समजून खिशात घालावीत, तसा हा प्रकार.

भुकटीला भिंतीच्या चुन्याची चव होती. ती पीत पीत मी रोज रात्री इतरांच्या ताटांवर प्रवचन झोडायचो. "बटाटा म्हणजे पोटावर बांधलेली वीट! लोणी? ते थेट हनुवटीखाली जाऊन बसतं."

"तुम्ही तुमचा चुना प्या आणि आम्हाला जेवू द्या," बायको म्हणायची. मुलगी मात्र गप्प असायची. मला वाटायचं, पोर किती मन लावून ऐकते!

ती खरंच ऐकत होती. एका रात्री तिने ताट बाजूला सारलं. "मलाही पेला द्या."

"अगं, काडी झालीयेस नुसती!" बायको म्हणाली.

"काही काडीबिडी नाही. बाबाच म्हणतात ना, जेवण शत्रू आहे म्हणून?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की भुकटीशिवायच वाळून जावं.

चार दिवसांनी शाळेतून निरोप आला. खेळाच्या तासाला पोरीला घेरी आली होती. घरी आणून तिला बसवलं, पुढ्यात बटाट्याची भाजी ठेवली. तिने तोंड फिरवलं.

"बेटा, जाहिराती खोट्या असतात गं."

"मग तुम्ही का पिता? आणि हा फोटो? फोटो कसा खोटा असेल?" तिने ते पान माझ्यापुढे आपटलं.

बायकोने चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ नेलं. "अहो, या 'नंतर'वाल्याला बेंबीच नाही."

मी पान ओढून घेतलं. गेल्या वर्षी एक बिनडोक्याचं धड माझ्या टेबलावर आलं होतं. घाईत पोटाबरोबर मी त्याची बेंबीही पुसली होती. ऑफिसातले साहेब ओरडले होते, "ती परत लाव!" आणि मी विसरलो होतो.

"हे पोट मीच केलंय," मी म्हणालो. "चहा पिता पिता."

"म्हणजे तुम्ही स्वतःलाच फसवलंत?" मुलीने विचारलं.

"हो."

"आणि मलाही?"

मी भुकटीचा डबा मोरीत रिकामा केला आणि खाली मान घालून बसलो.

"आधी तुम्ही खा," ती म्हणाली. मी बटाटा तोंडात घातला. माझा घास गिळून होईपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग तिनेही एक फोड उचलली, मग दुसरी. बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच पुन्हा ते पान उचललं.

"अहो, आणि या 'आधी'वाल्याच्या पँटचं बटण बघा."

हिरवा दोरा.

तेव्हा आठवलं. आमच्या ऑफिसचा फोटोवाला एकदा म्हणाला होता, "जरा शर्ट वर करून उभे राहा, प्रकाश बघायचाय." त्याने प्रकाश बघितला, आणि मी परक्याचं समजून माझंच पोट पुसलं.

मुलीने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "बाबा, अजून घ्या. नाहीतर लोक तुम्हाला ओळखायचे नाहीत."