गाडी लागली

फलाटरावांनी ऑफिसात बसल्या बसल्या आजवर हजारो गाड्या सोडल्या होत्या. एकाही गाडीत ते स्वतः बसले नव्हते, हा भाग वेगळा. बसणार कसे? त्यांना गाडी लागायची. बस लागायची, रिक्षा लागायची, एकदा तर लिफ्टसुद्धा लागली होती. म्हणून त्यांनी रेल्वेवर लांबूनच प्रेम करायचं ठरवलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात ऑफिसचं काम आणि उरलेल्या पडद्यावर स्टेशनचा ऑनलाइन बोर्ड: कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर. कामाला मात्र किती उशीर झाला, हे दाखवणारा बोर्ड अजून निघालेला नव्हता.

त्या दिवशी या छंदाला अचानक भाव आला. साहेबांना बढतीच्या मुलाखतीसाठी मुख्य कार्यालयात जायचं होतं. बढती मिळाली की ते तिकडेच राहणार होते. रजेचा अर्ज मोठ्याने वाचून हसणारा हा माणूस मोठा व्हावा, फार फार मोठा व्हावा आणि फार लांब व्हावा, असं सगळ्या ऑफिसला मनापासून वाटत होतं.

"साहेब, गर्दीत कशाला ताटकळता?" फलाटराव म्हणाले. "स्टेशनसमोर निवांत चहा घ्या. माझी नजर बोर्डावर आहे. वेळ झाली की फोन करतो."

"नक्की ना?" रोखपालबाईंनी हळूच विचारलं. "गाडी चुकली तर हे ध्यान कायमचं आपल्या गळ्यात."

"बाई, बोर्ड कधी खोटं बोलत नाही."

पावणेचारची गाडी. साडेतीनला बोर्ड हलला आणि फलाटरावांनी लगेच फोन लावला.

"साहेब, गाडी लागली!"

पलीकडे साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. ऑफिसच्या सहलीत फलाटराव बसमध्ये साहेबांच्या शेजारी बसले होते. ती पँट साहेबांनी पुन्हा कधी घातली नाही.

"परत? अहो, खुर्चीत बसून कशी लागली?"

"इथूनच बघतोय ना, बोर्डावर!"

"नुसतं बघून? कमाल आहे. मग बघू नका. डोळे मिटा."

"डोळे मिटले तर सुटलेली कशी कळणार?"

"सुटेल हो, आपोआप सुटेल. लिंबू हुंगा."

"साहेब, तीनला लागलीय, तीनला!"

"तीनला? म्हणजे अर्धा तास झाला! बोलू नका, बोललं की जास्त ढवळतं. मी ठेवतो."

आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना कुणाची तरी दया आली, आणि तीही नेमकी त्याच मुहूर्तावर. रुग्णाला विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी फोनच बंद करून टाकला. फलाटराव बारा वेळा लावत राहिले. मग बोर्डावरची ती ओळ वर सरकली आणि दिसेनाशी झाली.

"गेली?" रोखपालबाईंनी विचारलं.

"एक मिनिटही उशीर नाही," फलाटराव म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजात किंचित कौतुक होतंच.

गाडी उशिराच येणार असं धरून साहेब चहाचे पैसे देऊन रमतगमत फलाटावर पोहोचले, तर रूळ मोकळे. हमालाला विचारलं तर तो म्हणाला, "ती होय? तीनला लागली होती की!" तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात हजर. सगळे माना खाली घालून कधी नव्हे ते काम करत होते. साहेब सरळ फलाटरावांच्या टेबलाशी आले.

"मुख्य कार्यालयाने सोमवारी परत बोलावलंय," ते गोड आवाजात म्हणाले. रोखपालबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "या वेळी फोनबिन नको. तुम्ही माझ्याबरोबर यायचं. गाडीत, माझ्या समोरच्या सीटवर."

फलाटराव पांढरेफटक पडले. "पण साहेब, मला गाडी लागते!"

"म्हणूनच तर नेतोय," साहेब म्हणाले. "तुम्हाला लागली, की मला खात्री पटेल, मी गाडीत आहे."