आबांचं आळीव

भाजे गावात चुलीतली राख उकिरड्यापर्यंत कधी पोचत नसे. त्याआधीच सखारामआबा घमेलं घेऊन दारात हजर. "मावशे, गार झाली का राख? चाळू नकं, म्या चाळतो." मग ती फडक्यात बांधून ते वावरातल्या वीतभर रोपांवर झटकत, तान्ह्याच्या अंगाला वेखंड लावावं इतक्या हलक्या हातानं.

रोपं आळिवाची. मी तेव्हा भाज्याच्या शाळेत मास्तर होतो आणि आबांच्या शेजारी राहत होतो. आळिवाचे लाडू लहानपणापासून खाल्ले होते, पण आळिवाला झाड असतं, त्याला टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं येतात, हे आबांनी दाखवलं. भात निघाल्यावर सारा गाव वाल नाहीतर हरभरा पेरी. आबा एकटे आळीव पेरीत, आणि ते बुडे. एका साली ओलीत कुजलं. दुसऱ्या साली मावा पडला, राखेलाही बधला नाही. सकाळी आबा माझ्या दारात येऊन म्हणाले, "मास्तर, गेलं." कुणी माणूसच गेलं असं समजून मी टोपी घालून, खांद्यावर पंचा टाकूनच बाहेर आलो.

"आबा, वाण्याकडे मिळतं की आळीव!"

"वान्याचं? कवाचं आसतं त्ये! भिजवलं तरी फुगत न्हाई. बाळंतिणीला आसलं घालत्यात व्हय?"

बाळंतीण म्हणजे यमुना, त्यांची एकुलती लेक, परंदवडीला दिलेली. आबांची बायको कधीच गेली होती. लग्नातच यमुनेच्या सासूनं विचारलं होतं, "तुमच्या घरात बाईमानूस न्हाई. पोरीचं बाळंतपन कोन करनार?" आबा म्हणाले होते, "म्या करीन." सगळा मांडव हसला. आबांनी मात्र ते मनावर घेतलं.

यमुनेला दिवस जायच्या आधीपासून त्यांची तयारी चालू झाली. पाणवठ्यावर बायांना गाठून डिंकाचं प्रमाण विचारत. बाया पदर तोंडात कोंबून सांगत. एकदा मी त्यांच्या परड्यात डोकावलो, तर आबा पाटावर पाय पसरून बसलेले आणि नडग्यांवर दुधी भोपळा. त्यावर कोमट पाणी ओतणं चाललेलं.

"मान कशी धरायची ते बघतोय," आबा गंभीरपणे म्हणाले. "ह्याची लांबडी हाय, पन हात बसतोय."

तिसऱ्या साली परंदवडीहून निरोप आला. यमुनेला दिवस गेले होते, आणि सासू चक्क म्हणत होती, आठवा लागला की घेऊन जा. त्या साली आळीवही आलं. पांढरं फुललं, मग चपट्या, बारीक शेंगा धरल्या. आबा बांधावरूनही दबकत चालत. शेंगा पिवळ्या पडल्या. सोमवारी कापणी करायची, असं ते मला चार वेळा सांगून गेले.

रविवारी दुपारी बैलगाडी आली. यमुना एकटी उतरली. बाळ सातव्यातच आलं होतं, रडलंच नव्हतं. त्याला चार दिवस झाले होते. गाडी हाकणारा दीर म्हणाला, "आई म्हनली, आता ऱ्हाऊ द्या हितंच थोडं दिस." पाणीही न घेता त्यानं गाडी वळवली.

घरात बुडालेल्या दोन सालांतून वेचून जपलेलं ओंजळभर आळीव होतं. आबांनी तेच भिजत घातलं. शेजारच्या जनामावशीनं वाटी काढून घेतली. "आबा, आळिवानं दूध येतं. पोरीची छाती आदीच दाटलीया. पिनारं कुटंय?"

आबा चुलीपुढं खाली बसले. तीन वर्षं इतक्या बायांना विचारलं, पण हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते म्हणाले, "मग काय देऊ त्ये सांग. मूल न्हाई म्हनून काय झालं? बाळंतीन तर हाय न्हवं माजी पोर?"

मंगळवारी मी वावराकडून आलो. शेंगा तडकत होत्या. "आबा, दाणे झडतायत."

"झडू द्या, मास्तर." त्यांनी मान वर केली नाही. बाजेखालच्या शेगडीत ते निखारे सारत होते.

सव्वा महिना त्यांनी बाळंतपण केलं. कडकडीत पाणी तापवलं, ओव्याची धुरी दिली. जनामावशी अंग रगडून जाई, बाकी सगळं आबा. यमुना भिंतीकडे तोंड करून पडून असे.

एका दुपारी गेलो, तर ती उठून बसली होती. आबा समोर पेजेची वाटी घेऊन.

"आबा, मी खाईन की माज्या हातानं."

"खाशील की," आबा फुंकर मारत म्हणाले. "उद्यापासनं."

तिनं तोंड उघडलं.