पुण्याचा रिपोर्ट

डॉक्टर शेळके दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधायचे. दोन्हींत फरक असायचाच. वेळ विचारली की आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे, आणि मग मलाच विचारत, "तुमच्यात किती वाजले, ताई?"

मी जुन्नर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर, ते आमच्या लॅबचे डॉक्टर. पिंपरी पेंढारच्या शेतकरी घरातले. शिकले पुण्यात, पण बोलणं गावचंच ठेवलं. "एकाचं ऐकून चालत न्हाई, ताई," हे त्यांचं पालुपद. आमटीत मीठ आहे का, हे कॅन्टीनमध्ये दोघांना विचारल्याशिवाय पहिला घास घेणार नाहीत. लग्नही म्हणे ह्यापायीच राहिलं. मुलगी पसंत होती. हे दुसऱ्यांदा चौकशीला गेले, तोवर तिला दुसऱ्याच्या नावाची हळद लागली होती.

अशा माणसाच्या हाती कोरोनात नव्या किटची परीक्षा आली. नाकातला स्वॅब किटवर टाकला की चहा उकळेपर्यंत निकाल. पण किट खरं बोलतं का, हे ठरायचं होतं. म्हणून प्रत्येकाचे दोन स्वॅब घ्यायचे, एक किटसाठी आणि दुसरा पुण्याच्या मोठ्या लॅबला. पुण्याचा रिपोर्ट यायला दिवस जायचे, पण भरवशाचा तोच. दोन्ही जुळले तर किट पास. डॉक्टरांना स्वर्ग दोन बोटं उरला. लोक मात्र वैतागायचे. राजुरीचे किराणा व्यापारी पोपटशेट म्हणाले, की आम्ही साखरसुद्धा एकदाच तोलतो, तुम्ही नाक दोनदा काय तपासता.

शेटजींचा नुसता घसा खवखवत होता. किटने निगेटिव्ह सांगितलं. पुण्याचं येईपर्यंत घरात वेगळं राहा, असं डॉक्टरांनी बजावलं, अर्थात दोनदा. शेटजी हसले. त्यांच्या जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून घाईने घरी गेले आणि बायकोच्या, कंचनबाईंच्या, शेजारी पानावर बसले. पुण्याहून पॉझिटिव्ह आला तोवर कंचनबाईंना ताप भरला होता. शेटजींना पुढे काहीच झालं नाही. बाई गेल्या.

असे निसटलेले बरेच निघाले. चालत येणारे, जरासं खोकणारे, नेमके हेच किटला दिसत नव्हते. डॉक्टरांनी तसं लिहून पाठवलं. वरच्या साहेबांचा फोन आला, की परीक्षेला तापाने फणफणलेलेच पेशंट धरा, त्यांच्यात किट बरोबर सांगतंय.

"साहेब, फणफणलेला तर मी हात लावूनबी सांगतो," डॉक्टर म्हणाले. "किट कशाला पायजे?"

साहेबांनी मीटिंग लावली.

मीटिंगच्या आधी पोपटशेट आले. लॅबच्या दारातच उभे राहिले. मी आत नळ्यांवर नावं चिकटवत होते.

"डॉक्टर, एकच सांगा. तिला माझ्याकडनंच लागलं का?"

डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "न्हाई, शेटजी. तुमचं किटचंच बरोबर व्हतं. पुण्याचा रिपोर्ट चुकला."

शेटजी दारातच लहान पोरासारखे रडले.

मग त्या भल्या माणसाने उपकार मानून ही गोष्ट बाजारभर सांगितली. ती साहेबांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? मीटिंगमध्ये त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, की पुण्याचा रिपोर्ट चुकतो असं तुम्हीच म्हणत असाल, तर किट चुकतं हे कशाच्या आधारावर ठरवलंत? तसं तुम्ही म्हणालात की नाही?

मी फाईल घेऊन मागे बसले होते. आता डॉक्टर खरं काय ते सांगतील, असं मला वाटलं.

"म्हणालो," डॉक्टर म्हणाले. आणि खाली बसले.

किट पास झालं. चहाबरोबर काजूची बिस्किटं आली.

परतीच्या जीपमध्ये मी भडकले. दुःखातल्या माणसाची समजूत काढायला तसं बोललो, एवढं सांगायला काय झालं होतं?

"सांगितलं असतं तर तेबी बाजारातनं शेटजींच्या कानावर गेलं असतं, ताई," ते म्हणाले आणि बाहेरच्या उसाकडे बघत बसले.

किटचे खोके आमच्याच दवाखान्यात येऊन पडले. निगेटिव्ह ऐकून हसत घरी जाणारी माणसं मी रोज बघत होते. त्यातली काही स्ट्रेचरवरून परत आली. डॉक्टर प्रत्येकाला वेगळं राहायला सांगायचे. लोक म्हणायचे, डॉक्टर जरा चक्रम आहेत.

डॉक्टर आता सवड मिळेल तेव्हा दिवसाउजेडी राजुरीला जातात, शेटजींना जेवायला सोबत म्हणून. एकदा मीही गेले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत पानं मांडली होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक डोकावलं, तसे शेटजी अभिमानाने त्याला म्हणाले, "हे आमचे डॉक्टर. खोटं कधी बोलणार नाहीत."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. ताटातला फुलका तसाच असताना त्यांनी आणखी एक मागून घेतला.